आठ आटे

मामांनी पाना बाजूला ठेवला, नट दोन बोटांत धरला आणि स्टडवर फिरवायला घेतला. पहिला फेरा त्यांनी धरलाच नाही. स्टडच्या टोकाचे आटे पुरे नसतात, त्यांच्या भरवशावर काही बसत नाही. दुसऱ्या फेऱ्यापासून ओठ हलायला लागले. साडेसहाच्या आसपास नट रिमच्या खळगीत टेकला आणि पुढे सरकेना.

"साडेसहा. आठ पायजेत."

गाडीचा मालक, पंचविशीतला कागलचा पोरगा, शेजारी उकिडवा बसला होता. त्याच्या हातात ५ मिलिमीटर जाडीची दुसरी स्पेसर होती, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. "मामा, पान्यानं आवळलं की बसतंय की. दीड आट्यानं काय होतंय?"

"बसतंय. पाना कट्ट करून आवाजबी देतंय. म्हणून तर आदी हातानं मोजायचं."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी कामं बघायला मिळतात. एकेकाळी इथल्या ऑइल इंजिनांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या विहिरी उपसल्या. आजही गल्लीगल्लीत लेथ फिरतात, ओतकामाचा वास येतो, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला इथं 'पॉइंट' म्हणत सहज बोललं जातं. मामांचं दुकान चाकांचं. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, आणि अलीकडे गाड्या सजवणाऱ्या पोरांची गर्दी. कोल्हापुरात गाडीचा नाद काय असतो हे वेगळं सांगायला नको. चाक फेंडरच्या आत दबून राहिलं की ते या पोरांना बघवत नाही. ते बाहेर काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची एक चकती घालायची. तीच व्हील स्पेसर.

गाडी होती २०११ची होंडा सिटी. चार स्टड, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, हबच्या मधल्या उंचवट्याचा ५६.१. स्टड १२ मिलिमीटर जाडीचे, दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. पोरानं कुठून तरी साडेसहा इंच रुंदीची जुनी अॅलॉय रिम मिळवली होती. कंपनीच्या रिमपेक्षा ती रुंद, त्यामुळे पुढच्या चाकांत टायरची आतली बाजू शॉकअपच्या नळीला भिडायला आलेली. मधे जेमतेम ४ मिलिमीटर. तिथं स्पेसरला खरं कारण होतं. मागच्या चाकांना मात्र कारण एकच, दिसणं. त्यासाठी त्यानं २० मिलिमीटरच्या जाड स्पेसर आणल्या होत्या, आणि त्या वेगळ्या जातीच्या होत्या.

आधी पातळ स्पेसरची गोष्ट. पोराच्या मित्राच्या पोलोला अशीच ५ मिलिमीटरची चकती दोन वर्षं विनातक्रार बसली आहे, हा त्याचा मुख्य मुद्दा. मुद्दा खरा, पण गाडी वेगळी. फोक्सवॅगनच्या हबला स्टड नसतात, तिथं भोकं असतात आणि बाहेरून बोल्ट शिरतो. ५ मिलिमीटरची चकती घातली तर ५ मिलिमीटर लांब बोल्ट घ्यायचा, हबमध्ये पकड पूर्वीइतकीच राहते. होंडा, मारुती, ह्युंदाई यांच्या स्टडवाल्या गाड्यांत ती सोय नाही. कारखान्यात स्टड हबच्या पाठीमागून दाबून बसवलेला असतो आणि त्याची लांबी त्याच रिमच्या हिशेबानं ठरलेली असते. मध्ये काहीही घातलं की त्याची जाडी थेट नटाच्या पकडीतून वजा होते. दीड मिलिमीटरला एक आटा या हिशेबानं ५ मिलिमीटर म्हणजे सव्वातीन आटे गेले. मामांनी स्पेसर काढून तोच नट पुन्हा फिरवून दाखवला. दहा, आणि वर जरासं. हिशेब जुळला.

आठ हा आकडा आला कुठून? लोखंडी स्टड आणि लोखंडी नट असेल तर नटाची पकड निदान स्टडच्या जाडीइतकी हवी, हा यंत्रकामातला जुना नियम. १२ मिलिमीटरचा स्टड, १२ मिलिमीटर पकड, दीडनं भागलं की आठ. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत जाडी तीच पण आटे बारीक, सव्वा मिलिमीटरचे. तिथं मोजणी साडेनऊच्या पुढे जावी लागते. यापेक्षा कमी पकडीवर नट लगेच निखळत नाही. पण मोजके आटे सगळा ताण घेतात, आणि एखाद्या दिवशी ते स्टडवरून सोलून निघतात. टॉर्क पाना या बाबतीत आंधळा आहे. त्याला फक्त फिरवायला लागणारा जोर कळतो, आत किती आटे धरलेत ते नाही. सहा आट्यांवरही तो ठरल्या आकड्याला कट्ट वाजतो. त्यातून आजकालचे नट बंद टोपीचे, चकचकीत. टोपी बसली की स्टड आत कुठवर आलाय हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. बोटांनी मोजायचं ते याचसाठी.

चाक स्टडवर लटकलेलं असतं अशी बहुतेकांची समजूत असते. तसं ते नसतं. होंडाच्या या गाडीला नट १०८ न्यूटन-मीटरनं आवळायचा असतो. कोरड्या आट्यांवर तेवढ्या जोरानं एकेका स्टडला सुमारे साडेचार टनांचा ताण बसतो. स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि परत आखडायच्या धडपडीत रिमला हबवर दाबून धरतो. चार स्टडचे मिळून अठरा टन. दोन धातूंच्या तोंडांमधलं घर्षण याच्या पाचव्या हिश्श्याइतकं धरलं तरी साडेतीन टन होतं. एका चाकावर गाडीचं वजन येतं तीन-साडेतीनशे किलो. खड्डा, ब्रेक, वळण या सगळ्यांना ती दाब आणि घर्षणाची पकड पुरून उरते. स्टडला आडवा मार बसायचं कारणच पडत नाही. कुस्तीत पट काढून धरलेला पाय सुटत नाही तो बोटांच्या हाडांमुळे नव्हे, आवळण्यामुळे, तसं हे.

पकड ढिली झाली की मात्र सगळा नकाशा बदलतो. रिम हबवर केसभर सरकू लागते. प्रत्येक फेऱ्याला स्टड जरा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. या मापाचं चाक किलोमीटरमागे पाचशेच्या वर फेरे मारतं. कोल्हापूरहून निपाणीला जाईपर्यंत वीस हजार वेळा वाकणं झालं. स्टड तुटतात ते बहुतेक असे, थकून. एका दणक्यानं सहसा नाही. म्हणूनच स्पेसर मजबूत आहे का, या प्रश्नाला मामा फारसं महत्त्व देत नाहीत. त्यांचा प्रश्न असतो, "तोंडं बसल्यात का?" आधी हब आणि रिम अशी दोनच तोंडं एकमेकांना भिडत होती. स्पेसर आली की एकाचे दोन सांधे झाले, आणि प्रत्येक सांध्यात गंज, रंग, मुरूम, ब्रेकची काळी भुकटी, काहीही अडकू शकतं.

पुढच्या चाकांचा निकाल असा लागला. पर्याय दोन. एक, लांब स्टड. जुने दाबून काढायचे, नवे दाबून बसवायचे. स्टडच्या मुळाशी ज्या उभ्या खाचा असतात त्यांचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जुळावा लागतो. कमी भरला तर नट काढताना स्टडच गरगर फिरतो. शिवाय पुढचा हब बेअरिंगमध्ये दाबून बसवलेला. तो प्रेसवर काढला की बेअरिंग बहुधा नवंच घालावं लागतं. काही दुकानांत हब जागेवर ठेवून नवा स्टड नट आवळायच्या गननं, नटाच्याच जोरावर ओढून बसवतात. त्यात स्टड बसायच्या आधीच ताणून निकामी होऊ शकतो. दुसरा पर्याय साधा, ३ मिलिमीटरची स्पेसर. दोन आटे गेले, आठ राहिले. शॉकअपपाशी चारचे सात मिलिमीटर झाले. पोराचं तोंड उतरलं, कारण ५ मिलिमीटरच्या जोडीचे पैसे गेले होते. पण ३ची जोडी दुकानातच होती आणि मोजणी त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा झाली. या वेळी आठ भरून नटानं वर थोडा फेरा घेतला.

इथंच आणखी एक गोष्ट मामांनी तपासली, जी मी एकटा असतो तर मला सुचली नसती. हबच्या मधोमध जो गोल उंचवटा असतो, त्यावर रिमचं मधलं भोक बसतं आणि चाक केंद्रावर येतं. पातळ स्पेसर हा उंचवटा गिळते. जाडी जास्त झाली तर रिमला टेकायला काही उरत नाही, चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येतं आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. ३ मिलिमीटरनंतर हबचा काठ रिमच्या आत पुरेसा शिरत होता. पण या बाजारी रिमचं भोक ७३.१ मिलिमीटरचं, हबचा उंचवटा ५६.१चा. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची कडी लागते. पोराच्या चारपैकी एका रिमला ती नव्हती. जुन्या रिमच्या मालकाकडेच राहिली असणार. ती नाना खटपटी करून शेजारच्या दुकानातून आणली गेली, तोवर चहा झाला.

मग नटांचा घोळ. होंडाचे स्वतःचे नट बुडाला गोल असतात, चेंडूचा तुकडा असावा तसे, आणि कंपनीच्या रिममधल्या खळग्याही तशाच गोल. बाजारातल्या बहुतेक अॅलॉयच्या खळग्या टेपरच्या, म्हणजे शंकूच्या आकाराच्या. गोल बुडाचा नट टेपरच्या खळगीत घातला की तो पूर्ण तोंडावर न बसता एका बारीक वर्तुळावर टेकतो. आवळला जातो, टॉर्कही दाखवतो, आणि काही दिवसांत अॅल्युमिनियम चेपून ढिला होतो. मामांनी चिमूटभर निळा रंग नटाच्या बुडाला लावून पोराला दाखवलं. गोल नटानं खळगीत रेघ उमटवली, टेपर नटानं पट्टा. म्हणून टेपर नट घेतले. जुने सोळाही नट टाकून द्यायचे नाहीत, असं बजावून त्यांनी चार नट एका पिशवीत वेगळे बांधले. ते कशासाठी, हे पुढे येतंय.

मागच्या चाकांच्या २० मिलिमीटरच्या स्पेसर म्हणजे वेगळं प्रकरण. २० मिलिमीटर जाडीत कंपनीच्या स्टडवर रिमचा नट बसणं शक्यच नाही. म्हणून या स्पेसरला स्वतःचे चार स्टड असतात. आधी स्पेसर कंपनीच्या स्टडवर तिच्याच बुटक्या नटांनी आवळायची; हे नट स्पेसरच्या पोटातल्या खड्ड्यांत बसतात. मग स्पेसरच्या स्टडवर रिम चढवायची. चार स्टडच्या गाडीत नवे स्टड जुन्यांच्या बरोबर मधे, अष्टमांश वर्तुळानं सरकून येतात. आटे पूर्ण मिळतात, केंद्रासाठी पुढं नवा उंचवटाही असतो, म्हणून लोकांना ही जात जास्त सुरक्षित वाटते. चांगली असेल तर ती आहेही. सत्तरच्या दशकात पोर्शे ९११ टर्बोला मागच्या चाकांना कारखान्यातूनच स्पेसर येत होत्या, तेव्हा कल्पनेत खोट नाही. पण चाराचे आठ नट झाले, आणि त्यातले चार चाकाच्या मागे झाकलेले.

मामांनी व्हर्नियर काढलं. स्पेसरच्या कडेनं फिरत आठ ठिकाणी जाडी मोजली. सगळीकडे एकच माप आलं. स्टडच्या डोक्यावर १०.९ असा ठसा होता, तो त्यांनी नखानं घासून बघितला. मी विचारलं की समोर एवढे लेथ आहेत, असली चकती इथंच का नाही कातून घेत? ते हसले. "माप मिळंल की साहेब. इथली पोरं पॉइंटात काम देत्यात. पर ह्यो दांडा कुठल्या जातीचा, कुणी ओतला, आत फुगा हाय का, ते कोण सांगणार? लेथवाला सांगत न्हाय, मीबी न्हाय." नामांकित कंपन्या घडवलेल्या अॅल्युमिनियमची जात छापून देतात आणि त्याचेच पैसे घेतात. उद्यमनगरात राहून उद्यमनगरच्या लेथला नाही म्हणणारा माणूस मला तरी भरवशाचा वाटला.

आता कंपनीचे स्टड. ब्रेक ड्रमच्या तोंडापासून स्टड साडेचोवीस मिलिमीटर बाहेर येत होता. स्पेसर २०ची. म्हणजे बसवल्यावर जुन्या स्टडची टोकं स्पेसरच्या तोंडाच्या साडेचार मिलिमीटर पुढे डोकावणार. रिमची पाठ तिथं सपाट असेल तर रिम स्पेसरवर न टेकता या चार टोकांवर टेकेल. नट आवळला जाईल, चाक घट्ट वाटेल, आणि दोन तोंडांमध्ये साडेचार मिलिमीटरची फट राहील. ज्या दाबावर सगळं चालतं तो दाबच नसेल. ही चूक सहज राहून जाते, कारण ती बाहेरून दिसत नाही.

अॅलॉय रिमच्या पाठीला वजन कमी करायला भोकांच्या मधे खळगे कोरलेले असतात. पोराच्या रिमला ते होते. पण पुरेसे खोल आहेत का? मामांनी पोरांच्या खेळायच्या रंगीत मातीची गोळी चारही खळग्यांत दाबली, रिम स्पेसरवर चढवली, दोन नट हलके लावले आणि परत काढली. चपटी झालेली माती पात्यानं उचलून व्हर्नियरमध्ये धरली. सर्वांत पातळ ठिकाणी अडीच मिलिमीटर. म्हणजे टोक आणि रिम यांच्यात तेवढी हवा. चालेल. मग खड्ड्यांतल्या बुटक्या नटांवरून स्टीलची पट्टी आडवी फिरवली. एकही नट तोंडाच्या वर नव्हता.

"आता स्टेपनी काढ."

पोरगा बघतच राहिला. डिकीतली स्टेपनी कंपनीची, लोखंडी. तिची पाठ वेगळी. ती मागच्या स्पेसरवर चढवली तेव्हा मातीची गोळी पार कागदासारखी झाली आणि स्टडच्या टोकाचा चंदेरी ठसा उमटला. म्हणजे मागचं चाक रात्री कुठं पंक्चर झालं तर ही स्टेपनी मागे बसणारच नाही. बसल्यासारखी वाटेल फक्त. जुने स्टड ५ मिलिमीटर कापून टाकू या का, असं पोरानं विचारलं. ग्राइंडरचं काम, दहा मिनिटांचं. मामा नाही म्हणाले. कापलेल्या स्टडवर उद्या स्पेसर काढून कंपनीची रिम लावायची म्हटलं तर दहाचे सात आटे राहणार. गाडी विकली तर पुढच्याला हे कोण सांगणार?

तोडगा निघाला तो कटकटीचा, पण बरोबर. मागे पंक्चर झालं तर पुढचं अॅलॉय चाक मागे न्यायचं, पुढची ३ मिलिमीटरची स्पेसर काढून ठेवायची आणि तिथं स्टेपनी लावायची. स्टेपनी कंपनीची, म्हणून तिला गोल बुडाचे नट. पिशवीत बांधलेले चार नट ते हेच. पिशवी स्टेपनीच्या मधल्या भोकात अडकवली गेली. भर पावसात, अंबाबाईचं नाव घेत, रस्त्याच्या कडेला दोन चाकं खोलायची तयारी असेल तरच मागची स्पेसर घालावी, असं माझं मत तिथल्या तिथं झालं. पोराचं झालं नाही.

प्रत्यक्ष बसवण्याचं काम निम्म्याहून अधिक साफसफाईचं निघालं. गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवली. मामांच्या दुकानात नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणाचा हात जात नाही. ड्रमच्या तोंडावर, स्टडच्या मुळाभोवती, गंजाची कडक कडी होती. तारेच्या ब्रशनं, मग पॉलिश पेपरनं ती उतरवली. बोट फिरवून खवल लागतं का बघितलं. पुढच्या डिस्कला दोन बारके स्क्रू असतात, त्यांची डोकी तोंडाच्या आत आहेत ना, हे पट्टी ठेवून पाहिलं. काही गाड्यांच्या स्टडवर कारखान्यात अडकवलेली पत्र्याची चकती राहून जाते. ती दिसली तर काढायची, नाहीतर स्पेसर तिच्यावरच टेकते. रिमच्या पाठीला जुन्या मालकानं काळा रंग मारला होता, जाड थर. हब जिथं भिडतो तेवढ्या वर्तुळातला रंग खरडून काढला. रंग दाबाखाली चेपतो, हळूहळू, आणि तो जेवढा चेपेल तेवढा स्टडचा ताण जातो.

ग्रीसबद्दल मामा कडक आहेत. तोंडांवर थेंब नाही, आट्यांवर नाही. आटे तेलकट असले तर तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, कारण घर्षणात जाणारा जोर ताणात जातो. पाना १०८च दाखवतो आणि स्टड मात्र लांबलेला असतो. फक्त हबच्या मधल्या उंचवट्याला बोटाच्या टोकानं पातळ लेप दिला. आपल्याकडच्या पावसात अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना असे धरतात की पुढच्या वर्षी स्पेसर हातोड्यानं काढावी लागते. आटे धरून ठेवणारं लॉकटाइट मामा वापरत नाहीत. नट पुन्हा तपासायचेच आहेत, मग ते चिकटवायचे कशाला, हा त्यांचा हिशेब. काही स्पेसरवाले ते लावायला सांगतात. तिथं ज्याचा माल त्याचं ऐकावं.

आवळणीच्या वेळी गन भिंतीवरच टांगलेली राहिली. सगळे नट आधी हातानं शेवटपर्यंत. मग समोरासमोर, एक सोडून एक, आधी ५० न्यूटन-मीटर. हँडब्रेक ओढलेला, त्यामुळे मागचा ड्रम फिरत नव्हता. दुसऱ्या फेरीत १०८. एक कट्ट, बस. दुसऱ्यांदा ओढायचं नाही. पोरानं हौसेनं ओढायला हात घातला तर मामांनी पाना काढून घेतला. मग रिम, तिचे नट, तीच पद्धत, आणि शेवटची आवळणी गाडी जमिनीवर टेकवून. काम संपल्यावर मामांनी टॉर्क पान्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सोडली आणि पाना डब्यात ठेवला.

मागच्या सीटवर दुकानातली तीन माणसं बसवली, डिकीत दोन टायर टाकले आणि मामा फेंडरखाली डोकं घालून बघत राहिले. टायर आणि पत्रा यांत बोट जात होतं. पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची रबरी नळी कुठं घासते का ते पाहिलं. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला भिडणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर. ४५ ऑफसेटची रिम आता मागे २५ची झाली होती. चाक जेवढं बाहेर जातं तेवढी बेअरिंगवरची तरफ लांबते. पुढं जास्त जाडी घातली असती तर खड्ड्यात स्टिअरिंगनंही हिसका दिला असता. ३ मिलिमीटरनं ते जाणवत नाही.

कायद्याचं एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, पण थोडक्यात असं. मोटार वाहन कायदा १९८८च्या ५२व्या कलमानुसार उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रस्त्यावरचा हवालदार ३ मिलिमीटर मोजायला बसत नाही. अपघातानंतर विम्याचा माणूस बसतो. जर्मनीसारख्या देशात स्पेसरसोबत तपासणीचा कागद येतो आणि तो गाडीत ठेवावा लागतो. आपल्याकडे पोरांना मिळतं ते वेष्टन.

"आता निपाणीला जा. घाई करू नको. तिथं चहा पी, परत ये, आन् गाडी गार व्हऊ दे."

ऐंशी किलोमीटर. नव्या सांध्यात तोंडांवरचे सूक्ष्म उंचवटे दबतात, राहिलेली घाण चेपते, नट थोडा ताण सोडतात. ५० ते १०० किलोमीटरांनंतर पुन्हा आवळायचं हे जवळजवळ प्रत्येक स्पेसरच्या कागदावर छापलेलं असतं आणि बहुतेक जण रिमचे नट आवळून मोकळे होतात. मामांनी मागची दोन्ही चाकं परत काढली. आतले आठ नट पान्याखाली आले. डाव्या बाजूचे चारही जागेवर कट्ट वाजले. उजवीकडचे दोन वाजायच्या आधी थोडे फिरले, अंदाजे घड्याळाचा मिनिटकाटा दीड-दोन मिनिटांत सरकतो तेवढे. मामांनी ती स्पेसर उतरवली. ड्रमच्या तोंडावर, खालच्या कडेला, गंजाचा एक पापुद्रा राहिला होता, आता दाबून चमकदार झालेला. तो खरवडला, पुन्हा सगळं बसवलं, आणि खडूनं प्रत्येक नटावरून रिमपर्यंत रेघ ओढली. नट हलला तर रेघ मोडते. गाडीजवळून जाताना वाकून बघायचं. आतल्या नटांना रेघेचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी चाक काढणं आलंच.

पोरानं पैसे दिले, त्या ५ मिलिमीटरच्या स्पेसर काउंटरवर ठेवल्या आणि दुसरं गिऱ्हाइक मिळालं तर विकून टाका म्हणाला. मामांनी त्या परत त्याच्या हातात दिल्या. आमच्याकडे स्टडवालीच गिऱ्हाइकं जास्त.

"मामा, शनिवारी गोव्याला चाललोय. मग आल्यावर दाखवू का?"

"आता निपाणी झाली. पाचशेच्या आत अजून एकदा आतलं नट बघायचंत. गोवा जाऊन-येऊन त्याच्या जवळ जातंय." मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "शुक्रवारी सकाळी ये, तासाभरात करून देतो. आंबोलीच्या वळणात चाक काढून बघत बसणार हाईस?"